पोटभाडेकरू

मला फक्त एक हळू पहिला गिअर हवा होता. बाकी जीपबद्दल तक्रार नव्हती. म्हणजे होती, पण तक्रारी करायच्या असतील तर माणसानं जुनी जीप घेऊच नये, एवढं मलाही कळतं.

जीप सीजे-३बी, उंच बॉनेटवाली. गिअरबॉक्स मूळचा टी-९०, तीन गिअरचा. त्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे चालत्या गाडीत गिअर सहज पडावा यासाठीची सोय, नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो पडत नाही, आणि दगडांच्या मधोमध चढावर थांबलं की पडतो तो इतक्या उत्साहानं, की गाडी पुढच्या दगडावर उडीच मारते. मग अर्धा क्लच. मग क्लचप्लेटचा तो वास. मग शेजारच्या सीटवरून, "काही जळतंय का?"

हिशेब साधा होता. गिअरबॉक्सचे २.८, ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागचा, पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणारा डबा; त्यात हळू ‘लो’ आणि नेहमीचा ‘हाय’) लोचे २.४६ आणि अ‍ॅक्सलचे ५.३८. गुणाकार ३७. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाचे ३७ फेरे. त्याच जागी चार गिअरचा टी-९८ टाकला तर पहिला गिअर ६.४ आणि गुणाकार जवळजवळ ८५. हा गुणाकार मी ऑफिसच्या मीटिंगांमध्ये, बिलांच्या पाठीमागे, एकदा तर वाफ धरलेल्या आरशावर बोटानं केला. दर वेळी उत्तर ८५च्या आसपासच यायचं आणि दर वेळी मला नव्यानं आनंद व्हायचा. कागदावर गिअरबॉक्स बदलायला अर्धं मिनिट लागतं.

टी-९८ मिळाला तो ट्रकातला. बिडाचा, दोन माणसांनी उचलला तरी तिसऱ्याची कंबर धरेल असा. विकणाऱ्याला विचारलं, जीपला बसेल ना? तो म्हणाला, "टी-९८च आहे ना? मग बसणारच." या वाक्यात काहीच खोटं नव्हतं. टी-९८ जीपलाही यायचा. फक्त जीपच्या टी-९८ची शेपटी, म्हणजे मागून बाहेर येणारा शाफ्ट, वेगळी आणि ट्रकच्या टी-९८ची वेगळी. आडनाव सारखं म्हणून दोघांना एका घरचं समजण्याची चूक माझी.

आता त्या ट्रान्सफर केसबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचे पाच महिने घरात दुसरा विषय नव्हता. हा स्पायसर १८. १९४१ साली युद्धातल्या जीपबरोबर आला आणि १९७१पर्यंत जीपखाली टिकला. रेशो बदलला, आतला शाफ्ट जाड झाला, पण स्वभाव तोच. आणि त्याच्या स्वभावातली खरी गोम अशी, की त्याला स्वतःचा इनपुट शाफ्टच नाही. गिअरबॉक्सचा मुख्य शाफ्ट मागून बाहेर येतो, थेट याच्या पोटात शिरतो आणि याचा पहिला गिअर त्या परक्या शाफ्टवर नटानं आवळून बसतो. म्हणजे हा पोटभाडेकरू. पण भाडेकरूंतही अशी एक जात असते, की घरमालक बदलला तरी ती म्हणते, "खोली हीच, खिडकी इथेच, आणि नळ उजव्या हातालाच."

पहिली मागणी शाफ्टची. जुन्या शाफ्टला ६ स्प्लाइन, म्हणजे अंगावरचे उभे दाते. नव्यावर त्याहून बरेच जास्त. नेमके किती, यावर माझं माझ्याशीच एकमत होईना. गाडीखाली उताणं पडून, तोंडात टॉर्च धरून, एका दात्यावर खडूची खूण करून मोजायला सुरुवात केली. शाफ्ट हातानं फिरवत मोजायचं, तर तेरा-चौदापर्यंत आल्यावर बोटाला लागलेला खडू दुसऱ्या दात्याला लागलेला असायचा. मग कुठल्या खुणेपाशी थांबायचं? दुसऱ्या वेळी टॉर्चसकट खोकला आला. तिसऱ्या वेळी मिस्त्रींनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "मोजून काय करणार साहेब? ६ नाहीत ना? विषय संपला."

मिस्त्रींचं निदान नेहमी असं एका वाक्यात. दोन्ही डबे उघडून, बेअरिंगं हलवून बघून ते म्हणाले, "गिअरबॉक्स चांगला आहे. ट्रान्सफरपण चांगला आहे. फक्त दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही."

एव्हाना सल्ला देणारे जमले होते. जुन्या जीपभोवती ते कुठून येतात कळत नाही, गुळाला मुंगळे तरी बरे, ते बोलत नाहीत. एकानं सांगितलं, हा १८ काढून टाक आणि डेना २० ही दुसरी ट्रान्सफर केस लाव. त्यात हायला शक्ती सरळ मागे जाते, दातेच मध्ये येत नाहीत, आवाज कमी. एकदम पटलं. मग कळलं की १८चं मागचं तोंड उजवीकडे सरकवलेलं आहे आणि म्हणून माझ्या मागच्या अ‍ॅक्सलचा शाफ्ट जोडायचा गोळासुद्धा उजवीकडेच आहे. २०चं तोंड मधोमध. म्हणजे मागचा अ‍ॅक्सल बदला. अ‍ॅक्सल बदलला की पुढच्याचा रेशो त्याच्याशी जुळायला हवा, नाहीतर फोर-व्हील टाकल्यावर पुढची चाकं एक म्हणणार आणि मागची दुसरं. मी हे सगळं रात्री जेवताना समजावून सांगितलं. बायको शांतपणे म्हणाली, "म्हणजे नंबरप्लेट राहील ना जुनी?"

मग ठरलं. पोटभाडेकरू हलणार नाही, घरमालकालाच वळण लावायचं. ट्रकचा लांब शाफ्ट काढून आखूड शाफ्ट आणि मध्ये दोन्ही डबे जोडणारी अ‍ॅडाप्टर प्लेट. प्लेट आली, सुंदर होती, हातात घेऊन फोटो काढण्यासारखी. बसली मात्र नाही. कारण १८च्या पुढच्या बाजूला गिअरबॉक्सशी जुळणारं जे गोल भोक असतं, ते दोन मापांत निघालं. एक ४ इंच. दुसरं ३ पूर्णांक ५ बत्तीसांश इंच. चार इंच मी समजू शकतो. पण ३ पूर्णांक ५ बत्तीसांश हे माप कुठल्या माणसाला सुचलं असेल, त्याच्या घरचं वातावरण कसं असेल, याचा मी बराच विचार केला. प्लेट ४ इंचासाठी होती. माझं भोक कुठलं, हे आता सांगायला नको.

भोक मोठं करायला केस मशीनवर चढवावी लागली. टर्नर पोक्त माणूस. व्हर्नियर लावली, माप पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला उगीचच अपराधी वाटलं. "एकदा कापलं की मागे नाही," म्हणाले. मी मान हलवली. हे वाक्य त्यांनी मला पाच महिने आधी सांगायला हवं होतं.

क्लचचं काही लिहीत नाही. तोही बदलला.

गिअरबॉक्स आणि प्लेट मिळून नवं बिऱ्हाड जुन्यापेक्षा लांबट. म्हणजे ट्रान्सफर केस मागे सरकली. या जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर जेमतेम ८० इंच; मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा प्रॉपेलर शाफ्ट आधीच वीतभर वाटावा असा. तो कापून आणखी आखूड केला, तर त्याचा कोन इतका उभा झाला की त्याच्या टोकाचा सांधा, म्हणजे क्रॉस, तोंड वाकडं करूनच फिरणार. उलट पुढचा शाफ्ट तोकडा पडला, त्याला लांबवावं लागलं. एकाचं कापून दुसऱ्याला जोडता येईल का, असं मी विचारलं. मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही, चहा मागवला. खालचा आडवा बीम सरकवला. पत्रा कापला, कारण गिअरचा दांडा आता जुन्या भोकातून नाही तर थेट सीटच्या कडेतून वर येत होता. दुसरा गिअर टाकताना अजूनही मी स्वतःच्याच मांडीवर चापट मारतो.

आणि एके दिवशी गाडी चालली. दगडांचा तोच चढ. लो, पहिला गिअर, क्लच सोडला, पाय दोन्ही जमिनीवर ठेवल्यासारखे मोकळे. गाडी एकेक दगड चाचपत, कुणी म्हातारं माणूस जिना चढावं तशी चढायला लागली. मित्र बाजूनं चालत होता. मध्येच थांबला, बुटाची नाडी सोडली, नीट बांधली, दुसऱ्या पायाचीही बांधली आणि चार पावलांत आम्हाला परत गाठलं. मला भरून आलं. पाच महिन्यांत मला हवा होता तो वेग हाच.

सपाट रस्त्यावर आल्यावर जुना ओळखीचा आवाज सुरू झाला, तो बारीक सुरातला रडका सूर. १८मध्ये हायलाही शक्ती तीन गिअरांवरून फिरूनच जाते, त्यामुळे तो कधी गप्प बसत नाही. आजूबाजूचं सगळं बदललं होतं, हा मात्र होता तसाच कुरकुरत होता.

महिन्याभरानं गिअरबॉक्सचं ऑइल बघायला प्लग काढला. बोट घातलं. कोरडं. पूर्ण दुसरं पेर घातलं तरी कोरडं. गाडीखाली पुठ्ठा अंथरलेला होता, त्यावर एक थेंब नाही. जुन्या जीपखाली एक थेंब नाही, हीच खरं तर घाबरायची गोष्ट. मग संशय आला म्हणून ट्रान्सफर केसचा प्लग सैल केला. अर्धा आटासुद्धा सुटला नसेल, तोवर ऑइल माझ्या बाहीतून कोपरापर्यंत पोचलं.

दोन्ही डब्यांच्या मध्ये एकच ऑइल सील. ते मी स्वतः ठोकलं होतं, मिस्त्री जेवायला गेले होते तेव्हा, मोठ्या हौसेनं. स्प्रिंगची बाजू कुठल्या अंगाला ठेवायची हे त्या क्षणी मला अगदी लख्ख आठवलं.

सील बदलायचं म्हणजे सगळं पुन्हा उतरवायचं. सध्या मी महिन्यातून एकदा भाडेकरूकडून माप लावून ऑइल काढून घेतो आणि वरच्या मालकाला परत देतो. त्यासाठी घेतलेलं माप स्वयंपाकघरातलं आहे, हे अजून घरात कळलेलं नाही.