स्लॅबची साडी

प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं : माझ्या, जोडीदाराच्या किंवा अविवाहित मुलांच्या नावे भारतात कुठेही पक्कं घर नाही. मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे लग्नाआधी स्टॅम्पपेपरवर दिलं असतंत तर?"

खरी पंचाईत पाहणीच्या दिवशी झाली. आयुष्यभर आम्ही पाहुण्यांपासून घराची दैना लपवत आलो. भिंतीच्या भेगेवर कॅलेंडर, पोपड्यांवर देवांच्या तसबिरी. साहेब येणार म्हणून मी सगळं उतरवलं, तर आईने सवयीने पहाटे उठून सारवलं, दारात रांगोळी घातली आणि सगळ्या तसबिरी परत टांगल्या. साहेब आत आले नि म्हणाले, "घर छान आहे की हो तुमचं!" हे वाक्य ऐकायला आम्ही वीस वर्षं थांबलो होतो. नशीब, बाहेर पाऊस होता आणि पत्रा गळला तो थेट साहेबांच्या फॉर्मवर.

मंजूर झाले अडीच लाख. दीड केंद्राचे, एक राज्याचा. नकाशा 30 चौरस मीटर चटई क्षेत्राचा. अंथरुणं घातल्यावर सरकारला हाच शब्द का सुचला ते कळेल. पैसे मात्र टप्प्याटप्प्याने. पाया, लिंटेल (दारं-खिडक्यांवरची आडवी पट्टी), स्लॅब. दर टप्प्याला आधी बांधायचं, मग जिओ टॅगचा (जागेचा ठावठिकाणा नोंदवणारा) फोटो, मग हप्ता. म्हणजे गवंड्याला आज द्यायचे आणि सरकारकडून यथावकाश घ्यायचे. मधल्या काळाला उसनवारी म्हणतात.

जुनं घर पाडलं, तेव्हा राहायला भाड्याची खोली आलीच. अनुदानाची बातमी घरमालकांना आमच्याआधी लागली आणि भाडं वाढलं. मी 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा काढला : वर्षाला 4 टक्क्यांच्या वर वाढ नाही. घरमालक काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही भाडेकरू कुठे? करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे, 11 महिन्यांचा." बरोबरच होतं त्यांचं. आम्ही तिथे झोपतो, भांडतो, विजेचं बिल भरतो. पण भाडेकरू नाही, नुसते परवानाधारक. रिक्षावाल्यासारखे.

घर बायकोच्या नावावर, म्हणून फोटोत तीच. पायाच्या फोटोला तिने मोरपंखी नेसली होती. बांधकामापेक्षा पदरच जास्त आला, म्हणून साहेबांनी दुसरा काढला. मी बाजूला उभा होतो, तर मला "जरा फ्रेमबाहेर व्हा" म्हणाले. लिंटेलला तिने डाळिंबी नेसली. स्लॅबसाठी हिरवी काठपदराची ठरली आहे.

लिंटेलचा हप्ता अजून यायचाय. हिरवी साडी इस्त्री करून खुंटीला तयार आहे. परवा तिच्या घडीवर धूळ दिसली, तेव्हा बायकोने ती झटकून दुसऱ्यांदा इस्त्रीला दिली.