नाणी, तारे आणि भागाकार: एका गणित शिक्षकांच्या आक्षेपांना उत्तर

सर, सादर नमस्कार.

मुलं व्हिडिओ गेममधून शिकू शकतात, या माझ्या लेखावर तुम्ही परखड आणि सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. लेख न वाचलेल्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. तुम्ही म्हणता, गेममध्ये मूल नाणी आणि तारे गोळा करायला शिकतं, गणित नाही. शिकणं कष्टाचंच असतं आणि ते गोड करून भरवलं की कष्टाची सवय लागत नाही. मुलाच्या हातात मोबाइल देऊन मोकळे होणाऱ्या पालकांना असे लेख आयतं निमित्त देतात. आणि सगळ्यांत टोकदार वाक्य: ‘उद्या शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवून टॅब वाटतील, तेव्हा तुमच्यासारख्यांचे लेख दाखवतील.’ शेवटी तुम्ही विचारलंत की पाचवीतला नातू गेमसाठी हट्ट धरून बसलाय, त्याचं काय करू.

टॅबच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण त्यावर आपल्याच देशात नीट मोजमाप झालेलं आहे. 2000 साली गुजरात सरकारने वडोदऱ्यातल्या महापालिकेच्या शंभर शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. बहुतेक संगणकांना मुलांचे हात फारसे लागलेच नाहीत. मग ‘प्रथम’ या संस्थेने ते कामाला लावले. चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकासमोर दोघं जण, आणि गणित सोडवल्याशिवाय पुढे सरकता येणार नाही असे गेम. मुलाला जसं जमेल तशी काठिण्यपातळी वाढायची. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांनी शाळा सोडतीने निवडून 2002 ते 2004 या काळात निकाल तपासले. दुसऱ्या वर्षी गणिताच्या गुणांत 0.47 प्रमाण विचलनाचा फरक पडला. म्हणजे वर्गात बरोबर मध्यावर असलेलं मूल, शंभरातलं पन्नासावं, खालून मोजत साधारण अडुसष्टाव्या जागी पोचावं एवढा. भाषेच्या गुणांत काहीच फरक नाही. कार्यक्रम थांबून वर्ष उलटल्यावर गणितातली वाढही 0.10 च्या आसपास उतरली. हेही सांगायला हवं, कारण गेमचं कौतुक करणारे लोक हा दुसरा आकडा सहसा गाळतात.

याच चौघांपैकी लिंडेन यांनी पुढे गुजरातमधल्याच ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत आणखी एक तपासणी केली. काही वर्गांत गणिताचं सॉफ्टवेअर शिकवण्याचा वेळ कापून वापरलं, काही ठिकाणी शाळा सुटल्यावर जादा तास म्हणून. शाळेच्या वेळात वापरलं तिथे मुलं मागे पडली, त्याच प्रमाण विचलनाच्या मापाने 0.57 ने. जादा तास म्हणून वापरलं तिथे 0.28 ने पुढे गेली, आणि त्यातही अभ्यासात कच्च्या मुलांना अधिक लाभ झाला. तेव्हा सर, शिक्षकाच्या जागी टॅब ठेवायचा प्रस्ताव कुणी आणला तर तुमच्याबरोबर विरोधाला मीही उभी राहीन, आणि हे आकडे हातात घेऊन उभी राहीन.

आता नाण्यांविषयी. बाजारात ‘शैक्षणिक’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक गेमना तुमचा आक्षेप तंतोतंत लागू पडतो. धावा, उड्या मारा, मध्येच पडद्यावर ‘7 × 8 = ?’ येतं, उत्तर दिलं की पुन्हा धावा. मुलासाठी ते गणित म्हणजे रस्त्यातला टोलनाका. पण सगळे गेम असे नसतात, आणि या फरकाने शिकण्यात किती फरक पडतो हे तपासलं गेलं आहे. जेकब हॅबगूड आणि शारॉन एन्सवर्थ या ब्रिटिश संशोधकांनी ‘झॉम्बी डिव्हिजन’ नावाचा गेम वापरला. समोरून सांगाडे चालून येतात, प्रत्येकाच्या छातीवर एक संख्या. तुमच्याकडे वेगवेगळी शस्त्रं, प्रत्येक शस्त्र एका विभाजकाचं. छातीवरच्या संख्येला ज्या विभाजकाने निःशेष भाग जातो तेच शस्त्र चालतं, आणि हाताशी असलेल्या एकाही विभाजकाने भाग जात नसेल तर बाजूला सरकावं लागतं. याच गेमची दुसरी आवृत्ती त्यांनी अशी केली की लढाई तीच, पण तिच्यातलं गणित काढून प्रत्येक टप्प्याच्या शेवटी प्रश्नमंजूषेत टाकलं. गणित दोन्हींत तेच. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: सात ते अकरा वर्षांची मुलं दोन्हींना सारखाच वेळ देऊनही पहिल्या आवृत्तीतून जास्त शिकली, आणि निवड त्यांच्यावर सोडली तेव्हा पहिल्या आवृत्तीशी सातपट वेळ खेळली.

तुमच्यासारख्या शिक्षकाला यातलं खरं मर्म लगेच कळेल. पहिल्या आवृत्तीत मूल ‘27 ला 3 ने भाग जातो का’ हा प्रश्न स्वतःला विचारतं, कारण उत्तराची त्याला आत्ता गरज आहे. ही गरज वर्गात निर्माण करणं किती कठीण असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तरीही इथे थांबले तर ते अर्धसत्य होईल. ‘ड्रॅगनबॉक्स’ हा नॉर्वेत 2012 मध्ये आलेला बीजगणिताचा गेम घ्या. सुरुवातीला पडद्याच्या दोन बाजूंना नुसती चित्रं असतात, एक पेटी एकटी करायची असते. हळूहळू चित्रांच्या जागी अक्षरं आणि अंक येतात, आणि मूल नकळत समीकरण सोडवू लागतं. इथे गणित खेळाच्या पोटातच आहे. पण कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या यानजिन लाँग आणि व्हिन्सेंट अलेव्हन यांनी त्याची तुलना समीकरणांचा सराव करून घेणाऱ्या एका सॉफ्टवेअरशी केली. मुलांना ड्रॅगनबॉक्स जास्त आवडला. चाचणीत मात्र सराववाली मुलं पुढे निघाली. दिल्लीच्या बालवाड्यांतही असंच काहीसं दिसलं. तिथे पडदा नव्हताच, पत्त्यांसारखे साधे खेळ होते, मुलं दीड हजारांवर. 2017 मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार संख्या आणि आकारांची त्यांची जाण वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली, पण शाळेच्या आकडेमोडीत टिकणारा फायदा दिसला नाही.

माझ्या मते गोष्ट अशी आहे. खेळ मुलाला कल्पना हाताळायला देतो, पण ती आपोआप वहीत उतरत नाही. पडद्यावर जे केलंस त्यालाच समीकरणाच्या दोन्ही बाजूंतून समान संख्या वजा करणं म्हणतात, हे कुणीतरी शेजारी बसून, वही उघडून दाखवावं लागतं. हे काम करणारा माणूस नसेल तर उत्तम गेमही अर्धवटच राहतो. मूळ लेखात मी गेमच्या सामर्थ्याबद्दल भरभरून लिहिलं होतं, ते सामर्थ्य मला आजही तेवढंच मोठं वाटतं. पण तुमच्या पेशाला त्यातून रजा मिळत नाही, उलट नवं काम मिळतं.

कष्टांबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मात्र मला पटत नाही, आणि इथे जरा सविस्तर भांडते. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ नावाचा गेम आहे. मेक्सिको सिटीतल्या स्क्वॉड कंपनीत फेलिपे फालांघे यांनी तो सुरू केला. 2011 मध्ये त्याचं पहिलं रूप लोकांसमोर आलं, 2015 मध्ये पूर्ण आवृत्ती आली. यात रॉकेट स्वतः बांधून उडवायचं असतं. सुरुवातीची रॉकेटं जमिनीवरच कोसळतात. इंधन कमी पडलं म्हणून जास्त भरावं तर वजन वाढतं, ते उचलायला आणखी इंधन लागतं. या पेचातून टप्प्यांचं रॉकेट, म्हणजे इंधन संपलेले भाग वाटेत टाकून देणारं रॉकेट, का करतात हे मुलाला स्वतःच उमगतं. मग कक्षा. मग दोन यानांची जोडणी, आणि इथे भल्याभल्यांची दमछाक होते. आपल्या कक्षेत पुढे असलेल्या यानाला गाठायचं म्हणून इंजिन पुढच्या दिशेने पेटवलं, तर आपली कक्षा मोठी होते, फेरीला वेळ जास्त लागतो आणि आपण आणखी मागे पडतो. गाठायचं असेल तर आधी वेग कमी करून खालच्या, लहान कक्षेत उतरावं लागतं. जून 1965 मध्ये ‘जेमिनी 4’ या अमेरिकन यानाच्या उड्डाणात अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनाही हाच धडा मिळाला होता. 16 जानेवारी 2025 रोजी इस्रोने ‘स्पेडेक्स’चे दोन उपग्रह अवकाशात जोडले, त्या कामगिरीची अवघडता या गेमवर डोकं आपटलेल्या मुलाला जशी कळते तशी बातमी वाचून कळत नाही.

गेममधला ग्रह अगदी छोटा आहे, त्रिज्या फक्त 600 किलोमीटर. त्यामुळे तिथे कक्षेतला वेग सेकंदाला साडेदोन किलोमीटरच्याही आत असतो, पृथ्वीभोवती तो पावणेआठच्या आसपास लागतो. आकडे पाठ करायला हा गेम उपयोगाचा नाही. संबंध मात्र खरे आहेत. आणि अपयश आलं की मूल पुन्हा बसतं, कागदावर हिशेब करतं, चुकलं कुठे ते शोधतं. हे कष्टच आहेत, सर. फरक एवढाच की ते कुणी लादलेले नाहीत. कक्षा मोठी झाली की फेरीचा वेळ किती वाढतो हे सांगणारा केप्लरचा तिसरा नियम गेम स्वतः सांगत नाही, तो सांगायला पुन्हा तुम्हीच लागणार.

पालकांना निमित्त मिळतं हे खरं आहे आणि मलाही ते सलतं. पण मोबाइल आधीच हातात आहे. ‘असर 2024’ या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी तो वापरणारी 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी 76 टक्के. खेळण्यावरचा ताबा सुटणं हा विकार आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 2022 पासून लागू आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, तो मला योग्य वाटतो. फुकट म्हणून सुरू होऊन पुढे नाणी विकत घ्यायला लावणारे गेमही मुलांपासून लांबच ठेवावेत.

आता नातू. तो जो गेम मागतोय तो आधी तुम्ही स्वतः थोडा खेळून बघा, आणि मनात त्यातलं गणित काढून टाका. उरलेला गेम जसाच्या तसा चालत असेल तर गणित वरून चिकटवलेलं आहे, नाही म्हणा. पण नुसतं नाही म्हणून थांबू नका. घरात संगणक असेल तर ‘स्क्रॅच’ उतरवून घ्या. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने 2007 मध्ये आणलेलं हे साधन मोफत आहे, एकदा उतरवलं की इंटरनेट नसतानाही चालतं. यात ठोकळे जोडून मुलं स्वतः गेम तयार करतात. त्याला सांगा, वरून संख्या पडतात आणि खालच्या टोपलीने फक्त 3 ने भाग जाणाऱ्याच झेलायच्या, असा गेम कर. त्यासाठी त्याला ‘मॉड’ हा ठोकळा लागेल, तो भागाकाराची बाकी देतो. बाकी शून्य आली तर गुण, नाहीतर नाही. पाचवीच्या मुलाला तुम्ही शेजारी असलात तर हे जमतं. जमलं की पडणाऱ्या संख्यांमध्ये ऋण संख्याही टाकायला लावा. -7 ला 3 ने भागल्यावर स्क्रॅच बाकी -1 देत नाही, 2 देतो. का, हे तो विचारेल, आणि पाचवीच्या पुस्तकात त्याचं उत्तर नसल्यामुळे संख्यारेषा काढून ते तुम्हालाच समजावून द्यावं लागेल.