‘सोलापुरात राहून काही होत नाही’ या मेसेजला फॉर्म भरणाऱ्याचं उत्तर

दहावीचा निकाल लागला की गल्लीच्या, नातेवाइकांच्या, भिशीच्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला एकाच दिवसात चौघांनी पाठवला, त्यातला एक माझा सख्खा मेहुणा. मेसेज लांबलचक आहे, सार एवढंच: ‘सोलापुरात राहून मुलांचं काही होत नाही. आठवीपासून फाउंडेशन लावा. दहावीनंतर लातूर, कोटा, हैदराबाद, जमेल तिथे पाठवा. बोर्डाचे मार्क आता रद्दी. एकाच तयारीत सीईटी, जेईई, नीट तिन्ही होतात. चांगल्या कॉलेजात सीट आधीच बुक करा. कागदपत्रं निकालानंतर बघता येतात.’ खाली हात जोडलेले तीन इमोजी आणि ‘पालकहितार्थ’.

मी शिक्षक नाही. सात रस्त्याजवळ माझं ई-सेवा केंद्र आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि पावसाळाभर बाकड्यावर बसलेले पालक. पोरं अभ्यासात कुठे अडकतात ते मला कळत नाही, फॉर्ममध्ये कुठे अडकतात ते रोज दिसतं.

हैदराबादपासून सुरुवात करतो, कारण आपल्या पूर्व भागात हा सल्ला लगेच पटतो. घरटी कुणी ना कुणी मावशी-आत्या तिकडे, भाषा घरातलीच, तेलुगू, रात्री रेल्वेत बसलं की सकाळी पोचलं. अशोक चौकाकडचे एक यंत्रमागवाले मुलीला घेऊन आले होते. दहावी इथे, पुढची दोन वर्षं तिकडे ‘इंटर’, म्हणजे आपली अकरावी-बारावी. मेडिकलच्या नीट परीक्षेला मार्क खरोखर चांगले. फॉर्म भरताना प्रश्न आला, बारावी कोणत्या राज्यातून? मी तेलंगणा निवडलं आणि माझा हात माउसवरच थांबला. महाराष्ट्रात सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. बदलीवरच्या सरकारी नोकरांच्या मुलांना वगैरे अपवाद आहेत, यंत्रमागवाल्याच्या मुलीला नाही. उरला देशभराचा १५ टक्के कोटा, आणि डीम्ड, म्हणजे खासगी अभिमत विद्यापीठांच्या कॉलेजांची फी. तेलंगणातही स्थानिक ठरायला दोन वर्षं पुरत नाहीत. वडील बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले, मग म्हणाले, “पण हे कुणी सांगितलंच नाही की ओ.” खरंच नव्हतं सांगितलं. कोटा शहराचंही तसंच. क्लास राजस्थानात करा, पण बारावीची परीक्षा कुठल्या राज्यातल्या कॉलेजातून देणार ते आधी ठरवा.

लातूरबद्दल मला तक्रार नाही. तिथे शिस्त आहे, राज्यातच आहे, आणि पोराला स्वतःला जायचं असेल तर जाऊ द्या. पण ‘इथे राहून होत नाही’ हे कशावरून? आपलं सरकारी मेडिकल कॉलेज १९६३ पासून आहे, वालचंद इंजिनिअरिंग १९८३ पासून. बाहेरगावची पोरं तिथे शिकायला येऊन आपल्याकडे कॉट बेसिसवर राहतात. परीक्षेचा पेपर लातूरला वेगळा आणि जुळे सोलापूरला वेगळा निघत नाही. मेडिकलचा ७०:३० प्रादेशिक कोटा होता तोवर कुठल्या भागात बारावी केली याने फरक पडायचा; तो २०२० सालीच रद्द झाला. मेसेज लिहिणारा बहुधा अजून त्याच काळात आहे.

आता ‘बोर्डाचे मार्क रद्दी’. यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते धोक्याचं. मेरिट लिस्ट बोर्डावर लागत नाही, बरोबर. पण दारातून आत जायला तेच लागतात. एनआयटी, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी जेईई मेन परीक्षेच्या रँकबरोबर बारावीला ७५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ६५), नाहीतर बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. मेडिकलला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४०. राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या सीईटी प्रवेशाला ओपनला ४५ आणि राखीवला ४०. सीईटीत नव्वदच्या वर पर्सेंटाइल आणि बारावीला त्रेचाळीस टक्के असा एक ओपनमधला मुलगा माझ्या बाकड्यावर बसून गेलाय. कॉलेजचं तोंड फक्त प्रॅक्टिकलला पाहिलं होतं त्याने. आणि नीट-सीईटी हुकली की बीएस्सीला जायचं, तर तिथे पुन्हा हेच ‘रद्दी’ मार्क बघतात.

एकाच तयारीत तिन्ही परीक्षा? विषय तेच असतात, खेळ वेगळा. सीईटीत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नसतो. नीटला बरोबर उत्तराला चार आणि चुकलं की एक वजा, १८० प्रश्न, ७२० मार्क. सीईटीत गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी दोन मार्क, म्हणजे २०० पैकी १०० एकट्या गणिताचे. शिवाय सीईटीत साधारण वीस टक्के भाग अकरावीचा असतो. ‘अकरावी म्हणजे आराम’ म्हणणाऱ्या थोरल्या भावंडांनी हे धाकट्यांना सांगितलं तर बरं होईल.

आठवीच्या फाउंडेशनवर, म्हणजे या परीक्षांच्या आगाऊ क्लासवर, मी फार बोलत नाही. आठवीत काही करायचंच असेल तर एनएमएमएस या सरकारी शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म भरा. सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांसाठी आहे. मेरिटमध्ये आलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. फाउंडेशनला पैसे जातात, इथे येतात. विडी कामगारांच्या वस्त्यांतल्या शाळांत हुशार पोरं भरपूर आहेत, पण फॉर्मची तारीख निघून गेल्यावर येतात.

पॉलिटेक्निकचं नावच मेसेजमध्ये नाही. १९५६ पासूनचं सरकारी तंत्रनिकेतन गावात असताना! दहावीच्या मार्कांवर प्रवेश, तीन वर्षांचा डिप्लोमा, मग थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तेही सीईटी न देता. असो.

‘सीट आधीच बुक करा’ वाचून मात्र मला राग येतो. एक गृहस्थ मे महिन्यातच पुण्याच्या एका कॉलेजात मुलीसाठी पैसे भरून आले होते, सीईटीचा निकाल लागायच्या आत. ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या खूप खाली. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातली किंवा कॉलेज पातळीवर घेतलेली जागा त्यात बसत नाही. मुलीचे मार्क बघता कॅपमधून तिला सहज काहीतरी मिळालं असतं. त्यांना हे सांगायचं की नाही, याचा मी दोन मिनिटं विचार केला. मग सांगितलं.

आणि कागदपत्रं. सगळ्यात जास्त जागा इथेच हातच्या जातात, आणि मेसेजमध्ये हे सगळ्यात शेवटी, एका ओळीत. “पावतीवर चालतंय म्हणतात की ओ दादा,” असं दर जुलैला दहा जणी सांगतात. राखीव जागेला जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याच्या अर्जाच्या पावतीवर मुदत मिळते, पण ती संपेपर्यंत प्रमाणपत्र आलं नाही तर मुलगा राखीव जागेवर राहत नाही. जात पडताळणी समिती काय मागते ते बघा. नुसता वडिलांचा दाखला पुरत नाही. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. सोलापुरात आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नसतं, ते पोरवयातच मिलमध्ये लागलेले. मिल बंद पडून जमाना झाला. एका घरात शेवटी आजोबांच्या थोरल्या भावाचा, महापालिकेच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरचा उतारा सापडला. तो शोधायला सात महिने गेले. मुलगा अकरावीत असताना सुरुवात केली म्हणून निभावलं. विज्ञान शाखेच्या मुलांना अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत वैधतेचा अर्ज करता येतो, तो करा.

त्यात नावांची गंमत. दाखल्यावर ‘व्यंकटेश’, आधारवर ‘वेंकटेश’, बापाच्या रेशनकार्डावर नुसतं ‘व्यंकट’. इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन. शाळेच्या रजिस्टरमधली चूक मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्त करून घेता येते. दहावीचं सर्टिफिकेट छापून आलं की तीच चूक पुढे प्रत्येक फॉर्मवर तुमच्या मागे लागते. नॉन-क्रीमी लेयरचा (उत्पन्न मर्यादेत असल्याचा) दाखला असेल तर तारीख बघा. ३१ मार्चला मुदत संपलेलं घेऊन जूनमध्ये येणारे दरवर्षी असतातच.

मेहुण्याची पोरगी यंदा नववीत गेली. त्याने मेसेज पाठवला तेव्हा मी उलट विचारलं, तिच्या शाळेत नाव कसं लिहिलंय? अर्ध्या तासाने फोटो आला. रजिस्टरला आईचं नाव माहेरचं लागलंय.

“हे चालतंय ना?” त्याने विचारलं.

रविवारी ये म्हणालो, झेरॉक्स घेऊन.