चिंतेवरील गोळ्या आणि एकाग्रता : एक खुलासा

‘चिंतेवरची कोणतीही गोळी एकाग्रता कायमची घालवते, ती आजच बंद करा,’ असा संदेश सध्या फिरत आहे. त्यातला पहिला भाग अर्धसत्य आहे आणि दुसरा जिवावर बेतू शकतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम ही बेन्झोडायझेपिन गटातील औषधे मेंदूतील ‘गाबा’ या शामक रसायनाचा परिणाम वाढवतात; त्यामुळे गुंगी येते, एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचावा लागतो आणि नुकतेच ऐकलेले लक्षात राहत नाही, हे खरे आहे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन मात्र वेगळ्या गटातील असून त्यांची सुस्ती बहुधा काही आठवड्यांत ओसरते. शिवाय अनावर चिंता स्वतःच लक्ष टिकू देत नाही, हे सहसा विसरले जाते. नियमित घेतलेली बेन्झोडायझेपिन अचानक थांबवल्यास आकडी येऊ शकते, म्हणून मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी.