चावी करून दिली म्हणून तुरुंग? कायदा असं म्हणत नाही

तालमीच्या ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे एकच मेसेज फिरतोय. हाय-सिक्युरिटी कुलपांच्या पेटंटवरून, म्हणजे नव्या शोधावरच्या हक्कावरून, कंपन्या कोर्टात भांडतायत म्हणे. अशा कुलपाची डुप्लिकेट चावी करणं गुन्हा, ३ वर्षं तुरुंग. पेटंट कायमचं असतं. आणि पेटंटवालं कुलूप चोराला उघडतच नाही. तेव्हा रस्त्यावरच्या चावीवाल्याकडे जाऊ नका.

माझे काका कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत चाव्या करतात. परवा एका गिऱ्हाइकानं हाच मेसेज त्यांच्यासमोर धरला आणि चावी न करताच निघून गेलं. रात्री काका मला विचारतात, "मशीन घरी आणून ठेवू काय रं?" कष्टाचं खाणाऱ्या माणसाला असं घाबरवलेलं मला खपत नाही.

आधी तुरुंगाचं बघू. पेटंट कायदा १९७० चा. पेटंटचा भंग हा त्यात दिवाणी मामला आहे. पेटंटधारकानं जिल्हा न्यायालयात किंवा त्याच्या वर दावा लावायचा, मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई मागायची. तेही पेटंट भारतात घेतलेलं असेल तर. अमेरिकेतलं पेटंट कोल्हापुरात लागू होत नाही. पेटंट असल्याची कल्पनाच नव्हती आणि असायचं कारणही नव्हतं, हे समोरच्यानं सिद्ध केलं तर कलम १११ प्रमाणे त्याच्याकडून भरपाईसुद्धा मिळत नाही. यात पोलिस येतात कुठून?

ती '३ वर्षं' कुठून उचलली असावीत याचा मला अंदाज आहे. ट्रेड मार्क कायद्याच्या कलम १०३ मध्ये ६ महिने ते ३ वर्षं कैद आहे, पण ती दुसऱ्याच्या नावाचा खोटा शिक्का मारणाऱ्याला. काका काय करतात? मूळ चावी एका शिकंजात, ब्लँक, म्हणजे खाचा न पाडलेली कोरी चावी, दुसऱ्यात. मूळ चावीच्या खाचांवरून सुई फिरते, तशी शेजारची चकती ब्लँक कापत जाते. मग कानशीनं धार मोडायची, झालं. कुणाच्या नावाचा शिक्का ते मारत नाहीत.

कंपन्यांची भांडणं खरी आहेत, पण निकाल काय लागला ते मेसेजवाल्यानं वाचलेलं दिसत नाही. अमेरिकेत बेस्ट लॉक कंपनीनं चावीच्या पात्याच्या आकारावर डिझाइन पेटंट (वस्तूच्या दिसण्यावरचा हक्क) घेतलं आणि तसेच ब्लँक करणाऱ्या इल्को युनिकनवर दावा ठोकला. १९९६ मध्ये फेडरल सर्किटच्या अपील कोर्टानं ते पेटंट अवैध ठरवलं. कारण पात्याचा आकार दिसण्यासाठी नाही, कुलपाच्या भोकात बसण्यासाठी तसा असतो. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण आपला २००० चा डिझाइन कायदाही निव्वळ यांत्रिक रचनेला डिझाइन मानत नाही.

'कायमचं' हे तर साफ खोटं. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, बस्स. पिन-टंबलर कुलपावर (आत स्प्रिंगवरच्या पिना असलेलं कुलूप) अमेरिकेतल्या लायनस येल ज्युनियरनं १८६१ आणि १८६५ मध्ये पेटंट घेतली. आज तसली कुलपं कुणीही बनवतं.

आणि 'उघडतच नाही'? इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाच्या कुलपाला १७८४ मध्ये पेटंट मिळालं. उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी, अशी पाटी लंडनच्या दुकानात लावली होती. १८५१ मध्ये हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्यानं ते उघडलं. १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण उघडलं. पेटंट मिळतं नव्या कल्पनेला; कुलपाच्या मजबुतीचा दाखला त्यात नसतो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. भारतातलं पेटंट चालू असताना परवानगीशिवाय तसे ब्लँक बनवून विकणाऱ्यावर दावा होऊ शकतो. काही कुलपांची चावी कंपनी मालकाचं कार्ड बघूनच करून देते, आणि तिजोरीच्या खोलीसाठी ते योग्यही आहे. पण घराच्या नेहमीच्या लिव्हर कुलपाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. 'पेटंटेड' म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर पेटंट नंबर मागा आणि पेटंट ऑफिसच्या साइटवर फुकट तपासा. नसलेलं पेटंट आहे म्हणून माल विकला तर विकणाऱ्याला पेटंट कायद्याच्या कलम १२० खाली दंड आहे.