आशयसूत्र म्हणजे सारांश नव्हे

पुण्यातल्या बारावीच्या ग्रुपांवर एक नोट फिरतेय: ‘आशयसूत्र म्हणजे सारांश, शैली म्हणजे अलंकार.’ आमच्या अभ्यासिकेत तर तिची झेरॉक्स भिंतीवर चिकटवलीय. दोन्ही व्याख्या चुकीच्या आहेत.

सारांशात काय घडलं ते येतं. त्या घडण्यातून लेखक जगण्याबद्दल जे सुचवतो, ते आशयसूत्र. ‘मैत्री’ हा नुसता विषय झाला. ‘मैत्री टिकवायला कधी खोटंही बोलावं लागतं’ हे आशयसूत्र.

शैलीसाठी आपल्या पुण्याचेच महात्मा फुले घ्या. त्यांच्या ‘अखंड’ नावाच्या कविता अभंगाच्या घाटाच्या, म्हणजे रचनेच्या. ‘तुका म्हणे’सारखं शेवटी ‘जोती म्हणे’. पण आत विठ्ठल नाही, निर्मिक (सृष्टी निर्माण करणारा) आहे, आणि जातिभेदावर थेट प्रहार. भाषा रोखठोक, बोलण्यातली. लोकांच्या कानात बसलेल्या घाटातून त्यांना न रुचणारा विचार सांगायचा, ही शैलीतली निवड झाली. इथे उपमा मोजत बसलात तर हाती काय लागणार? (अलंकार पाठ करा हो, पण तो प्रश्न वेगळा.)

शैलीच्या उत्तरात शब्दांची निवड, वाक्यांची लांबी, निवेदक कोण, सूर उपरोधिक की हळवा, हे लिहा. प्रत्येक मुद्द्याला पाठातली एक ओळ जोडा.