शंभर टक्के हिरवं

ऑफिस लोअर परळच्या काचेच्या टॉवरात असो की साकीनाक्याच्या गाळ्यात, नव्या माणसाला शेजारी बसवून काम शिकवायची जुनी खोड आधी मोडा. त्यात शिकवणाऱ्याचा वेळ जातो आणि शिकणारा प्रश्न विचारतो. त्यापेक्षा ऑनलाइन कोर्स विकत घ्या.

घेताना एवढंच बघा, की तो स्कॉर्म नावाच्या मानकात बसतो ना. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या उपक्रमातून ते निघालं, आणि त्याची २००१ सालची आवृत्ती आजही वापरात आहे. धडा पूर्ण, अपूर्ण, पास, नापास, इतकंच काय, 'नुसता चाळला' अशीही नोंद त्यात करता येते. 'समजला' असा शेरा नाही. अमेरिकन लष्कराला जी चौकशी करावीशी वाटली नाही, ती तुम्ही कशाला करता?

कोर्स मोबाईलवरही चालतो, तेव्हा ऑफिसच्या वेळेत करू देण्याचा प्रश्नच मिटला. विरार फास्टमध्ये एका हातात कडी आणि दुसऱ्यात फोन धरून 'ताणतणावाचं व्यवस्थापन' पूर्ण करणाऱ्याला प्रात्यक्षिक वेगळं द्यावं लागत नाही.

आगीच्या कोर्सवर मात्र हात आखडता घेऊ नका. त्यात माउसने पिन ओढायची, नळी ज्वाळांवर नाही तर आगीच्या बुडाशी धरायची, दांडा दाबायचा आणि डावी-उजवीकडे फिरवायचं. विजेच्या आगीवर पाण्याचा नव्हे, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, हे चुकलं तर 'पुन्हा प्रयत्न करा'. कितीही वेळा. खरा सिलिंडर पॅन्ट्रीत बिसलेरीच्या रिकाम्या जारांमागे आहे. तो हलवू नका, जार ठेवायला दुसरी जागा नाही. २००६ च्या राज्य कायद्यानुसार जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेवढ्यापुरते जार सरकवा.

लैंगिक छळविरोधी कायदा २०१३ चा. तो मालकाला ठरावीक काळाने कार्यशाळा घ्यायला सांगतो. पण कार्यशाळेत एखादी उभी राहून काहीतरी खरं बोलायची (हा धोका फार मोठा). व्हिडिओपुढे कुणी उभं राहत नाही. दहा माणसांपासून पुढे अंतर्गत समिती हवीच, तिची नावं शेवटच्या स्लाइडवर टाका. त्यातल्या दोघी नोकरी सोडून गेल्यात? राहू द्या, तिथवर आवाज बंद करूनच पोचतात सगळे.

३१ मार्च जवळ आला, की कोर्स अपूर्ण राहिलेल्यांच्या लाल नावांची यादी सगळ्यांना मेल करा. तीत वरची नावं साहेब लोकांचीच निघतील; घाबरू नका. त्यांचे कोर्स त्यांच्या सेक्रेटरी मॅडम दुपारी डबा खाता खाता उरकतात. पाचही साहेबांचे पासवर्ड मॅडमच्या ड्रॉवरातल्या वहीत लिहिलेले आहेत, त्यामुळे माहिती सुरक्षेच्या परीक्षेत पाचहीजणांना शंभरपैकी शंभर.